सोनं उचलायचा हक्क

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा एक परवाना मिळतो. सरकारी संकेतस्थळावर नाव-पत्ता लिहायचा, पंचवीस-तीस डॉलर भरायचे, की पुढची दहा वर्षं निश्चिंती. हा परवाना जवळ असला की कुदळ, फावडं, परात आणि मेटल डिटेक्टर घेऊन सरकारी रानात हिंडावं, आणि सोन्याचा गोळा हाती लागला तर तो आपला. घरी नेऊन कपाटात ठेवा, नाहीतर विका. २०२३ मध्ये तिथल्या एका हौशी माणसाला स्वस्तातल्या डिटेक्टरवर ४.६ किलोचा एक दगड सापडला. त्यात २.६ किलो सोनं निघालं. किंमत झाली सुमारे २ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर.

अशी बातमी वाचून डोळे विस्फारतात खरे. पण मला त्या दगडाहून तो परवाना अद्भुत वाटतो. रान सरकारचं, त्याच्या पोटातलं खनिज सरकारचं, आणि तरी वाकून उचलणाऱ्याच्या हातात येताच ते त्याच्या मालकीचं होतं. असा कायदा आला कुठून? आणि त्याला जोडलेल्या अटी, म्हणजे यंत्र चालणार नाही, झाडाला धक्का लावायचा नाही, खड्डा बुजवायचा, इथे खणा, तिथे खणू नका, या कोणी आणि कशासाठी घातल्या? खोलात जाऊन पाहिलं तर यातली जवळजवळ प्रत्येक अट त्या मातीत घडून गेलेल्या एखाद्या गोष्टीची नोंद निघते. म्हणून हा परवाना इतिहासाचं पुस्तक वाचावं तसा वाचता येतो.

आधी मालकीचा प्रश्न. १५६८ मध्ये इंग्लंडमध्ये एक खटला गाजला. उत्तरेकडे केझिक गावाजवळ नॉर्थम्बरलंडच्या अर्लच्या जमिनीत तांबं निघत होतं. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या माणसांनी ते काढायला सुरुवात केली. अर्ल म्हणाला, जमीन माझी, तांबं माझं. राणीच्या वकिलांचं म्हणणं असं, की या तांब्यात सोन्या-चांदीचा अंश आहे, आणि सोनं-चांदी कोणाच्याही जमिनीत निघो, ती राजसत्तेची. त्यामागचा युक्तिवाद मोठा वेधक होता. धातूंमध्ये श्रेष्ठ सोनं, माणसांमध्ये श्रेष्ठ राजा, तेव्हा श्रेष्ठ वस्तू श्रेष्ठ माणसाकडेच जायची. शिवाय नाणी पाडायला आणि राज्य राखायला तिची गरजही त्यालाच. निकाल राणीच्या बाजूने लागला. पुढे इंग्रज जिथे वसाहत करायला गेले, तिथे हा निकालही त्यांच्याबरोबर गेला.

म्हणूनच १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं, तेव्हा कायद्याच्या नजरेत त्यातला कणन्‌कण राणीचा होता. ही समजूत अजून पुसलेली नाही. आज तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात सोनं शोधायचं असेल, तर त्यालाही मायनर्स राइट काढावा लागतो. दुसऱ्याच्या शेतात जायचं तर मायनर्स राइटही हवा आणि शेतकऱ्याची संमतीही हवी. परवाना खनिजाचा आहे आणि संमती फाटक उघडून आत शिरण्याची. एक असली म्हणून दुसरीची गरज संपत नाही. नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पण हौशी माणसाला हाती लागेल इतकं वर सोनं आलंच कसं? सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी इथल्या समुद्रतळाच्या गाळाचे थर प्रचंड दाबाखाली वाकले, दुमडले, फाटले. खोलातून वर येणारं तप्त पाणी त्या भेगांमध्ये शिरलं. त्यात विरघळलेली सिलिका गारगोटी होऊन साकळली आणि तिच्याबरोबर सोनंही. इथपर्यंत ठीक. पण त्या पाण्यात सोनं अगदी नाममात्र असतं. मग मुठीएवढे, डोक्याएवढे गोळे कसे तयार झाले, हे कोडं भूवैज्ञानिकांना फार काळ छळत होतं.

२०२४ मध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं एक सुंदर उत्तर मांडलं. गारगोटीवर ताण पडला की तिच्यात वीज निर्माण होते. त्यांनी सोनं विरघळवलेल्या द्रावात गारगोटीचे तुकडे ठेवले आणि मोटर लावून त्यांना भूकंपासारखे हादरे दिले. गारगोटीच्या अंगावर सोन्याचे कण धरू लागले. त्याहून नवल म्हणजे नवे कण आधीच्या सोन्यावर जाऊन बसायला बघत होते, कारण गारगोटीतून वीज वाहत नाही, सोन्यातून वाहते. एक भूकंप, मग दुसरा, मग तिसरा, असं लाखो वर्षं चाललं असेल तर सोन्यालाच सोनं लागत गेलं असणार. हातातला खडा म्हणजे अशा कैक भूकंपांची पुंजी असू शकते, ही कल्पना मला विलक्षण वाटते.

त्यानंतर ऊनपावसानं डोंगर झिजवले. गारगोटीच्या शिरा फुटल्या, हलकी माती वाहून गेली. गारगोटी पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, सोनं एकोणीस पटींहून जड. ते मागेच राहिलं, ओढ्याच्या तळाशी नाहीतर उतारावरच्या लाल मातीत, थोडंसं खाली. आपल्याकडच्या सराफ बाजारांतली धूळ आणि गटारातली माती धुऊन सोन्याचा कण वेगळा काढणारे झारेकरी याच गुणावर पोट भरत आले. व्हिक्टोरियात फक्त तो कण फार मोठा असू शकतो.

किती मोठा? ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुल या खेड्याजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना एका झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली अवघ्या तीन सेंटिमीटरवर, सोन्याचा गोळा लागला. त्यातून शुद्ध सोनं निघालं सुमारे ७२ किलो. जगातला ज्ञात असा हा सगळ्यात मोठा गोळा, ‘वेलकम स्ट्रेंजर’. डनोली गावच्या बँकेत त्याला पेलणारा काटा नव्हता. म्हणून तो लोहाराच्या ऐरणीवर ठेवून तोडला आणि तुकड्यांनी तोलला. मूळ गोळ्याचा फोटोसुद्धा नाही. आज दिसतात त्या प्रतिकृती. आणि हे सगळं तीन सेंटिमीटरवर! कुदळ-फावड्याच्या माणसाला परवाना द्यावा असं एखाद्या सरकारला का वाटावं, याचं उत्तर या भूगर्भात आहे. सोनं शेकडो मीटर खोल खडकातच असतं, तर असा कायदा करायचं कोणाला सुचलंच नसतं.

मात्र हा कायदा सरकारला सुखासुखी सुचलेला नाही. त्यासाठी माणसं मेली.

१८५१ च्या सप्टेंबरपासून गव्हर्नर ला ट्रोबच्या सरकारने सोन्याच्या रानात खणणाऱ्या प्रत्येकाला दरमहा ३० शिलिंगांचा परवाना सक्तीचा केला. त्या रकमेपेक्षा अन्याय होता तो तिच्या रीतीत: सोनं मिळालं काय, न मिळालं काय, खणायचं तर महिन्याचे पैसे आधी मोजा. बॅलरॅटला तर सोनं जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या तळाशी होतं. तिथवर पोचायला कित्येक महिने विहिरीसारखं खाली खणत जावं लागे. तोवर हातात एक गुंज नाही आणि परवान्याची वसुली चालूच. डिसेंबर १८५१ मध्ये सरकारने शुल्क तीन पौंडांवर न्यायचं ठरवलं, तेव्हा आजच्या कॅसलमेनजवळ चूटनला हजारो लोकांची सभा भरली आणि वाढ मागे घ्यावी लागली. १८५३ मध्ये बेंडिगोच्या लोकांनी हजारो सह्यांचा अर्ज लिहिला. कागदाला कागद जोडत तो काही मीटर लांब झाला.

पोलीस परवाने तपासायला यायचे ते शिकारीला यावं तसे. ओल्या खड्ड्यात कमरेएवढ्या चिखलात उभा असलेला माणूस परवाना कोरड्या सदऱ्यात विसरून आला असला, तरी त्याला धरून न्यायचे, कधी झाडाला साखळीने बांधून ठेवायचे. दुरून घोडेस्वार दिसले की तळावर ‘जो! जो!’ अशी आरोळी उठे. गव्हर्नर ला ट्रोबचं मधलं नाव जोसेफ होतं. ती आरोळी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जात क्षणात सगळ्या माळावर पोचायची आणि बिनपरवान्याची माणसं पसार व्हायची.

१८५४ मध्ये नवा गव्हर्नर हॉथम आला आणि त्याने या धाडी आणखी वाढवल्या. नोव्हेंबरात बॅलरॅटच्या बेकरी हिलवर लोक जमले, त्यांनी निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे असलेला स्वतःचा झेंडा उभारला आणि परवान्यांची होळी केली. आयर्लंडहून आलेला पीटर लेलर पुढारी झाला. युरेका नावाच्या जागी लाकूडफाट्याचं कुंपण उभं राहिलं. ३ डिसेंबर १८५४, रविवार. पहाटेच्या अंधारात सैनिक चालून आले आणि थोड्याच वेळात सगळं संपलं. वीसहून अधिक खाणकरी आणि काही सैनिक मेले. लेलर जखमी झाला, त्याचा डावा हात कापावा लागला.

पुढे जे झालं ते मला त्या लढाईइतकंच महत्त्वाचं वाटतं. पकडलेल्या तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले चालले आणि मेलबर्नच्या ज्युरींनी तेराही जणांना निर्दोष सोडलं. चौकशी आयोगाने मासिक परवाना रद्द करायला सांगितलं. सरकारचा वाटा सोनं मिळण्याआधी घ्यायचा नाही. निघालेलं सोनं परदेशी जाईल तेव्हा त्याच्यावर जकात घ्यायची. आणि खणणाऱ्याला वर्षाला एक पौंडात १८५५ पासून एक नवा कागद द्यायचा: मायनर्स राइट. आधीचा कागद ‘लायसन्स’ होता, म्हणजे सरकारची मेहेरबानी; नव्याने हक्क दिला. त्यावर खणता येई, तिथे राहता येई आणि मतही देता येई. हात गमावलेला लेलर त्याच वर्षी विधिमंडळात गेला आणि पुढे सभापती झाला. आज कोणी फोनवर दोन मिनिटांत काढतो तो परवाना म्हणजे त्याच कागदाचा थेट वंशज, नावासकट.

त्याच १८५५ मधला दुसरा कायदाही विसरता येत नाही. व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी खाणकरी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरले आणि चारशेहून अधिक किलोमीटर चालत सोन्याच्या मुलखात आले. १८५७ मध्ये अशाच एका तांड्याला वाटेत, पाण्यासाठी थांबले असताना, सोन्याचा मोठा साठा लागला. तिथे अ‍ॅरॅरॅट शहर वसलं. एकीकडे हक्काचा कागद देणारं सरकार दुसरीकडे दारातच कर बसवत होतं, हेही या इतिहासात आहेच.

आता परवान्याच्या अटी वाचू.

पहिली अट: फक्त हातानं चालवायची अवजारं. उत्खनन यंत्र नाही, सुरुंग नाही. १८५० च्या दशकात इथे गोल चरात चिकणमाती आणि पाणी टाकून घोड्याकडून ती कालवून घेत. सोनं तळाशी बसे आणि वरचा राडा सरळ ओढ्यात सोडून देत. असे चर हजारोंनी झाले. ओढे गाळाने तुंबले, पुरात तो गाळ शेतांवर पसरला, बेंडिगोच्या वस्तीत घुसला. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की १८५९ मध्ये निव्वळ या राड्यावर शाही आयोग नेमावा लागला. नंतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी टेकड्याच्या टेकड्या धुऊन काढायची पद्धत आली. तिचे उघडेबोडके कडे आजही दिसतात. कुदळ-फावड्याची अट बारीकसारीक वाटते, पण तिच्या मागे हे सगळं आहे.

दुसरी अट झाडांची. बॉक्स आणि आयर्नबार्क जातीच्या निलगिरींचं इथलं मूळ जंगल खाणींनी खाल्लं: खड्ड्यांना टेकू द्यायला लाकूड, बॉयलर पेटवायला लाकूड, घरांना लाकूड. आज या रानात गेलं की एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं वर आलेली झाडं दिसतात. तोडलेल्या खुंटांना फुटलेले हे धुमारे आहेत. हिवाळ्यात त्यांच्या फुलांच्या मधावर स्विफ्ट पॅरट नावाचा पोपट जगतो. तो टास्मानियातून समुद्र ओलांडून येतो आणि त्याचं अस्तित्व धोक्यात आहे. २००२ मध्ये उरलेल्या जंगलाच्या काही भागांची उद्यानं झाली आणि सोनं शोधणाऱ्यांच्या नकाशावर नव्या रेषा उमटल्या. राष्ट्रीय उद्यानात साधारणपणे बंदी. मात्र ग्रेटर बेंडिगो किंवा कॅसलमेन डिगिंग्जसारख्या काही उद्यानांत ठरावीक पट्टे मोकळे. एका बाजूला शोधायला परवानगी आणि काही पावलांवर बंदी, मध्ये कुंपण नाही, कधी पाटीही नाही. नकाशा पाहणं ही सगळी जबाबदारी हौशी माणसाची.

हा नकाशा सरकारने ‘जिओविक’ नावाने इंटरनेटवर मोफत ठेवला आहे. तो उघडून नुसता बघत बसावा असा आहे. एकाच माळरानावर एकापुढे एक थर चढवता येतात: खाली खडक कुठला, जुन्या खाणी कुठे होत्या, जमीन सरकारी की खाजगी, उद्यानाची हद्द कुठे, आणि कोणत्या कंपनीने कोणता तुकडा घेतला आहे. यातही बारकावा आहे. कंपनीकडे नुसता खनिज धुंडाळण्याचा परवाना असेल, तर त्या तुकड्यात हौशी माणूस जाऊ शकतो. कंपनीकडे प्रत्यक्ष खाणीचा परवाना असेल, तर तिची संमती घ्यावी लागते. म्हणजे आपण उभे असतो ती माती एकाच वेळी सरकारची, उद्यानाची, कंपनीची आणि आणखी कोणाकोणाची असू शकते. प्रत्येकाचा हक्क वेगळा, आणि आपला छोटासा हक्क त्या सगळ्यांतून वाट काढत जाणारा. आपल्याकडे सातबाऱ्यावरचे फेरफार आणि इतर हक्क वाचायची सवय असलेल्या माणसाला हा नकाशा पटकन उमजेल.

तिसरी अट खड्ड्याची: खणलं की बुजवायचं, जमीन होती तशी करायची. जुन्या खाणकऱ्यांनी उघडे टाकलेले खोल खड्डे या रानात जागोजाग आहेत; काहींवर पालापाचोळा साचून तोंडही दिसत नाही. ज्याने अशा रानातून एकदा फेरी मारली, त्याला ही अट समजावून सांगावी लागत नाही.

डिटेक्टरने शोधणं म्हणजे काय करणं, तेही बघण्याजोगं आहे. जमिनीपासून बोटभर वर गोल तबकडी धरायची आणि ती सावकाश, जमिनीला समांतर, डावीकडून उजवीकडे फिरवत जायची. तबकडीतल्या तारेतून चुंबकी ठोके खाली जातात. खाली धातू असला तर त्याच्यात क्षणभर भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह उठतो आणि विरतो. तो विरताना जी खूण वर पाठवतो, ती कानातल्या यंत्रात आवाज होऊन येते. अडचण अशी, की इथल्या लाल मातीतलं लोह स्वतःच कुरबुरत असतं. त्या कुरबुरीतून सोन्याचा स्वर वेगळा ओळखणं हे कानाचं काम आहे. आवाज आला की पायाने वरचा पाला सारायचा, पुन्हा फिरवायचं. मग माती उकरून प्लास्टिकच्या पळीत घ्यायची, ती तबकडीवरून न्यायची. आवाज आला तर अर्धी माती हातावर ओतायची, उरलेली पुन्हा न्यायची. असं निम्मं-निम्मं करत शेवटी पळीत चिमूटभर माती उरते. बहुतेक वेळा त्यात असतो गंजलेला खिळा, बंदुकीचा छर्रा, बुटाच्या टाचेची नाल. तेच कधी खरं निघालं तर गव्हाएवढा पिवळा कण. मातीतून काढला तरी तो चकाकत असतो, कारण सोन्याला गंज चढत नाही.

आणि त्या खिळ्यापाशी आणखी एक नियम उभा असतो. व्हिक्टोरियाच्या २०१७ च्या वारसा कायद्याने ७५ वर्षांहून जुन्या ऐतिहासिक अवशेषस्थळांना संरक्षण दिलं आहे. नोंद झालेली असोत वा नसोत, अशी ठिकाणं उकरता येत नाहीत. पडलेल्या चुलीचे दगड, चिनी वस्तीच्या भिंतीचा पाया, घोड्याचा गोल चर: सोनं अशाच ठिकाणी असण्याची शक्यता जास्त, आणि नेमकं तिथेच हात आवरायचा. हा नियम मला पटतो. परवाना खनिजाचा आहे, माणसांनी मागे ठेवलेल्या संसाराचा नाही.

त्याहूनही जुना थर आहे तो मूळच्या रहिवाशांचा. बेंडिगोच्या आसपासचा मुलूख जा जा वुरुंग लोकांचा. सोन्याच्या पूर्वी कैक हजार वर्षं ते इथे राहत होते, आणि ज्या गारगोटीत खाणकऱ्यांनी सोनं शोधलं तिच्याच कपच्यांची हत्यारं बनवत होते. खणून-धुऊन झालेल्या या भूमीला ते उलथलेला मुलूख म्हणतात. २०१३ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी करार केला, सहा उद्यानांची मालकी त्यांना परत दिली आणि त्यांचा कारभार आता दोघं मिळून बघतात. २००६ च्या कायद्याने त्यांच्या वारशाला कुठेही इजा पोचवणं गुन्हा आहे. म्हणून मायनर्स राइट घेणाऱ्याने दगडाच्या विखुरलेल्या कपच्या आणि साल सोलून काढलेलं जुनं झाड ओळखायला शिकलं पाहिजे. नाव किंवा भांडं करायला काढलेल्या त्या सालीचा लांबट व्रण खोडावर शेकडो वर्षं राहतो.

नियम कितीही बारीक विणले तरी जमीन त्यांच्या पलीकडचं काहीतरी काढून दाखवते. २०१५ मध्ये मेरीबरो गावाजवळच्या रानात डिटेक्टर फिरवताना एकाला तांबूस, विलक्षण जड दगड मिळाला. आत सोनंच असणार म्हणून त्याने तो करवतीने कापून पाहिला, ग्राइंडर चालवला, ड्रिल लावला, आम्लात बुडवला, घणाचे घाव घातले. दगड फुटेना. काही वर्षांनी तो मेलबर्नच्या संग्रहालयात घेऊन गेला. तिथल्या भूवैज्ञानिकांपुढे लोक उल्का म्हणून रोज काहीबाही आणून ठेवतात. ही मात्र खरीच उल्का होती. वजन १७ किलो, वय ४६० कोटी वर्षं, म्हणजे आपल्या सूर्यमालेच्या जन्माच्या वेळची. व्हिक्टोरियात आजवर हजारो सोन्याचे गोळे निघाले. नोंदलेल्या उल्का तेव्हा फक्त १७ होत्या. राज्याराज्यांतल्या कायद्यांचा फरक इथे कळतो: हाच दगड वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सापडला असता तर संग्रहालयांच्या कायद्यानुसार तो सरकारचा ठरला असता.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातही मायनर्स राइट आहे, आणि तो एकदा काढला की जन्मभर चालतो. तिथे मात्र कंपनीकडे धुंडाळण्याचा परवाना असलेल्या जमिनीत शिरायला तीन महिन्यांची वेगळी परवानगी काढावी लागते. एकाच देशात राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात. मेलबर्नला राहणाऱ्या आणि सुट्टीत मोटारीने देश पाहायला निघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला जाऊन ओढ्यात परात फिरवायला यातलं काहीच लागत नाही. ते संग्रहालयाचं आवार आहे. पण मुलांना तिथे गोडी लागली, तर पुढचा शनिवार खऱ्या रानात घालवायला दहा वर्षांचा परवाना एका वेळच्या जेवणाच्या खर्चात येतो.

आणि इकडे? महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेचं ४८ वं कलम सांगतं की कुठेही सापडलेल्या खनिजावरचा हक्क राज्य सरकारचा. १९५७ चा केंद्रीय खनिज कायदा परवान्याशिवाय खनिज धुंडाळायलाही मनाई करतो. बेकायदा काढलेल्या गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हे कायदे व्यावसायिक खाणी आणि उपसे डोळ्यांपुढे ठेवून झाले आणि त्यांची गरजही आहे. पण हातोडी घेऊन आलेल्या हौशी माणसासाठी त्यात कुठला लहान परवानाच नाही.

खरं तर आपल्या काळ्या कातळात व्हिक्टोरियाच्या सोन्याइतकंच आश्चर्य दडलेलं आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक वाढले. युरेकाची लढाई झाली त्याच दशकात भोर घाटातल्या रेल्वेच्या कामाला सुरुवात झाली, आणि तिथे फोडलेल्या कातळातले स्फटिक लंडनच्या संग्रहालयापर्यंत गेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतला गडद निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून आलेला माणूस रस्त्याकडेची खडी वेगळ्या नजरेने बघू लागतो. आणि रोज विहिरी खणताना, इमारतींचे पाये काढताना, खडी फोडताना असे कितीतरी स्फटिक भुगा होऊन जात असतील.

म्हणून मला वाटतं, महाराष्ट्रानेही एक छोटा परवाना काढावा. तहसील कचेरीत मिळणारा, माफक शुल्काचा, हातोडी-छिन्नीपुरता. जमीनमालकाची किंवा खाणवाल्याची लेखी संमती त्याला जोडलेली असावी. लेणी, किल्ले, वनक्षेत्र आणि देवराया त्यातून पूर्ण वगळाव्यात. सुरुंग आणि यंत्र बंद. सापडलेल्या नमुन्याचं ठिकाण, फोटो आणि तारीख एका सरकारी नोंदवहीत चढवणं सक्तीचं असावं, म्हणजे खाण बुजली, वर इमारत उभी राहिली, तरी इथे कोणता स्फटिक निघत होता हे पुढच्या भूवैज्ञानिकाला कळेल. वाघोलीत इमारती झपाट्याने उभ्या राहत आहेत, त्यामुळे ही नोंदवही तिथूनच सुरू करावी.